एकाच मुलुखाची वाइन-यादी



काळी नदीच्या उगमाकडील आमच्या दिग्गी गावात वाइनची यादी कोणी कोणापुढे ठेवीत नाही. माझ्यापुढे ती आली नाशिकास. माझा एक विद्यार्थी तेथे नोकरीस आहे. सासुरवाडी दिंडोरी तालुक्यातली. सासरे वाइनची द्राक्षे पिकवितात. त्याने आम्हां सर्वांना एका हॉटेलात जेवावयास नेले व यादी माझ्या हाती देऊन म्हटले, "सर, तुम्हीच निवडा. तुमच्या चर्चमध्ये वाइन असतेच की!" वेदीवरील पेल्यात ती असते हे खरे, परंतु तेवढ्याने कोणाला पारख येत नाही.

यादीच्या मुखपृष्ठावर छापले होते : 'केवळ नाशिकची वाइन'. आत चाळीसएक नावे. मी त्यांतली एक पांढरी वाइन मागविली. ती आली गडद पिवळी होऊन, कापून ठेवलेल्या सफरचंदासारख्या वासाची. बाटलीवरचे साल पाहिले तर ती पाच वर्षांची. यादीत साल छापलेले नव्हते. पैसे मात्र पुरे द्यावे लागले, आणि तेही माझ्या विद्यार्थ्याला. त्या दिवसापासून अशी यादी कशी वाचावी याचा मी थोडा अभ्यास केला.

पहिली गोष्ट अशी की, एकाच मुलुखाला वाहिलेल्या यादीत नावांची संख्या फारसे काही सांगत नाही. त्या मुलुखाच्या पोटातले भेद तीत उतरले आहेत काय, हे पाहावयाचे. आमच्या जोयडा तालुक्यात कंदमुळांचा मेळावा भरतो. तेथे कुणबी बायका आपापले कंद मांडून बसतात. 'जोयड्याचे कंद' एवढेच म्हणून कोणी विकत नाही. कोणता कंद, कोणत्या गावचा, भाजावयाचा की आमटीत घालावयाचा, हे विचारल्याशिवाय गिऱ्हाईक टोपलीस हात लावीत नाही.

इटलीच्या वायव्येस पिएमोंते नावाचा प्रांत आहे. केवळ त्या प्रांताची वाइन ठेवणारी हॉटेले निरनिराळ्या देशांत आढळतात. तेथील बारोलो ही वाइन जगप्रसिद्ध. ती नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाची, अकरा गावांच्या शिवारातली, आणि किमान 38 महिने मुरविल्याशिवाय विकता येत नाही. शेजारच्या बार्बारेस्कोचे द्राक्ष तेच, पण तिला 26 महिने पुरतात. आता एखाद्या हॉटेलाने पंधरा बारोलो मांडल्या आणि पुढे काही नाही, तर ती यादी श्रीमंत दिसली तरी दरिद्रीच म्हणावी. कारण त्या मुलुखातला माणूस रोजच्या जेवणाबरोबर बार्बेरा किंवा दोल्चेत्तो घेतो. कोर्तेसे द्राक्षाची पांढरी गावी आहे, गोड व हलकी मोस्कातो दास्ती आहे, उत्तरेकडे डोंगराच्या पायथ्याशी गात्तिनारा आहे. हे सारे थोडेथोडे असेल आणि त्यांत मध्यम किमतीचे काही असेल, तर यादी करणाराने तो मुलूख खरोखर पाहिला आहे असे समजावे.

मुलुखाचे नाव म्हणजे हमी नव्हे, हेही तेथेच शिकावयास मिळते. 1986 साली याच प्रांतातून निघालेल्या, मेथिल अल्कोहोल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून उत्पादकाचे नाव हवेच.

नाशिककडे याच दृष्टीने पाहा. येथे द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. शेनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या येथील पांढऱ्या वाइन बहुधा एक-दोन वर्षांतच प्याव्यात. शिराझ, काबर्ने या लाल वाइन अधिक टिकतात, तेही थंड जागी ठेवल्या तर. म्हणून ज्या यादीत साल नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. पेल्याने वाइन देत असतील तर बाटली केव्हा फोडली हे विचारावे. त्यात संकोच कसला? निफाड तालुक्यात सिसिलीच्या नेरो दाव्होला व ग्रिल्लो या जातीही लावल्या आहेत. तसे एखादे वेगळे नाव यादीत दिसले की बरे वाटते. आमच्या यादीतली तीन-चतुर्थांश नावे दोनच कंपन्यांची होती. किमतीचे म्हणाल, तर माल गावचाच. बाहेरच्या दुकानात त्याच बाटलीचा भाव विचारून घेता येतो.

आणि गाव? दिंडोरी, निफाड, इगतपुरी यांची माती व पाऊस सारखा नाही. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकले. ज्यांनी राखले त्यांच्या शिवाराचे नाव यादीत असावे, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

त्या रात्री विद्यार्थ्याच्या सासऱ्यांनी यादी मागून घेतली व पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरविले. "आमच्या तालुक्याचं नाव कुठंच नाही, सर," ते म्हणाले. मी वाढप्याला तसे विचारले. त्यालाही ठाऊक नव्हते. परंतु मुलगा भला होता. तो आत कोठीत गेला आणि बऱ्याच वेळाने शिराझची एक बाटली घेऊन आला. मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत दिंडोरी असे छापले होते. सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाचले, मग बाटली लेकीच्या हाती दिली.