मेल ‘गेला’ म्हणजे नेमका कुठे गेला?

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणालो होतो, की एका मेलने मला रात्रभर जागवलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून तो किस्सा आणि त्यातलं तांत्रिक गणित इथे लिहून काढतोय.

नारायणगावच्या बाजूला द्राक्षाचं एक पॅकहाऊस आहे. त्यांच्यासाठी मी छोटं वेब ॲप्लिकेशन केलं होतं. कंटेनर भरला की पॅकिंग लिस्ट आणि तपासणी अहवालाच्या पीडीएफ बागायतदाराला आणि न्हावा शेवाच्या क्लिअरिंग एजंटला मेलने जायच्या. (व्हॉट्सॲप का नाही? मीही विचारलं होतं. एजंटला मेलच लागतो.) हंगामाच्या तोंडावर मी सर्व्हर नव्या कंपनीकडे हलवला. पहिला कंटेनर निघाला, गाडी चाकणच्या पुढे गेली आणि मॅनेजरचा फोन आला, “दादा, एजंट म्हणतोय कागदं आलीच नाहीत. उद्या कट-ऑफ आहे.”

मी मंचरला घरी होतो. लॉग उघडला तर प्रत्येक मेलपुढे ‘पाठवला’ असं हिरव्या अक्षरांत! चूक इथेच होती, आणि ती माझी होती. माझा कोड मेल देत होता त्याच सर्व्हरवरच्या पोस्टफिक्सला. पोस्टफिक्सने तो घेतला, की कोड खूश. म्हणजे पत्र पेटीत टाकलं आणि ‘पोचलं’ म्हणून वहीत लिहून टाकलं. ‘मेलक्यू’ ही आज्ञा दिली तेव्हा सगळे मेल रांगेत अडकलेले दिसले, कनेक्शन टाइम-आउट. नव्या कंपनीने बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवलेलं होतं. बरेच क्लाउडवाले स्पॅमच्या भीतीने असं करतात. आणि पोस्टफिक्स मुळात इतकं चिवट, की नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ दिवस प्रयत्न करत राहतं आणि मग कुठे मेल परत पाठवतं. तोवर जहाज समुद्रात!

त्या रात्री पीडीएफ उतरवून पॅकहाऊसच्या ऑफिसच्या खात्यावरून हातानेच पाठवल्या. खरी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

एक मेल पाठवणारी सेवा घेतली आणि पोस्टफिक्सला सांगितलं, की तू थेट जाऊ नकोस, पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून त्यांच्याकडे दे. अशा सेवेचं नवं खातं बऱ्याचदा सुरुवातीला फक्त तपासलेल्या पत्त्यांवरच पाठवू देतं, तेव्हा अर्ज हंगामाच्या आधी करून ठेवा.

मग डीएनएस. एसपीएफ म्हणजे गेटवरची यादी: आमच्या डोमेनच्या नावाने कोणत्या गाड्या येऊ शकतात. इथे मी दुसरी माती खाल्ली. ऑफिसच्या मेलसाठी आधीच एक एसपीएफ नोंद होती, मी शेजारी दुसरी टाकली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. दोन असल्या की तपासणीच चुकीची ठरते. त्यामुळे ऑफिसचे चांगले चालणारे मेलही लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागले. दोन्ही सेवा एकाच ओळीत घेतल्यावर सुटलं. त्यातल्या डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे, त्यामुळे दिसेल ती सेवा जोडत बसू नका.

डीकेआयएम म्हणजे कंटेनरचं सील. सर्व्हर खासगी किल्लीने सही करतो, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते, वाटेत मजकूर बदलला तर सील तुटलेलं दिसतं. एजंटकडे मेल पुढच्या खात्यावर आपोआप फॉरवर्ड होतो. तिथे एसपीएफ बहुधा नापास होतो, कारण गाडी बदललेली असते; सील मात्र टिकतं. म्हणून एकट्या एसपीएफवर विसंबायचं नाही.

डीमार्क सांगतो, की दोन्हींपैकी एकही आपल्या डोमेनशी जुळलं नाही तर काय करायचं आणि अहवाल कुठे पाठवायचा. सुरुवातीला धोरण ‘नन’ ठेवा, अहवाल वाचा, आपलेच विसरलेले मेल सापडतात. आम्हाला जुन्या बिलिंग मशीनचे सापडले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम हवं असतं. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि डीमार्कही लागतं.

सगळ्यात उपयोगी काम मात्र डीएनएसमधलं नव्हतंच. समोरच्या सर्व्हरचं उत्तर ४ ने सुरू झालं तर ‘नंतर या’, ५ ने सुरू झालं तर ‘नाही म्हणजे नाही’. हे उत्तर सेवेकडून परत आमच्या ॲप्लिकेशनमध्ये आणलं. आता यादीत तीन रंग आहेत: पिवळा म्हणजे रांगेत, हिरवा म्हणजे समोरच्या सर्व्हरने घेतला, लाल म्हणजे परत आला. हिरवा असला तरी तो इनबॉक्समध्येच पडला याची खात्री नाही, हे मॅनेजरला सांगून ठेवलंय. दहा मिनिटांत पिवळ्याचा हिरवा झाला नाही, की तो सरळ एजंटला फोन लावतो, आणि मग मला.