तळ्यात कोणासोबत कोण नांदतं?



आज आपण शेततळ्यातल्या माशांबद्दल बोलणार आहोत. मासे कसे विकायचे, कर्ज कुठून काढायचं, हे पुढे कधीतरी. आजचा प्रश्न एकच: एका तळ्यात कोणते मासे एकत्र सोडायचे आणि कोणते सोडायचे नाहीत?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात गटाचे पैसे अडकलेले असतात. श्रावणात बीज सोडायचं, सहा-सात महिने खाऊ घालायचं आणि जाळं ओढलं की टोपलीभरही मासे निघायचे नाहीत, असं होऊ शकतं. मग गटात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतं रात्री मासे चोरले, कोणी म्हणतं राखणीची पाळी कोणाची होती ते पाहा. वर्षानुवर्षं एकत्र बसणाऱ्या बाया एकमेकींकडे संशयाने पाहू लागतात. पण कितीदा तरी चोर धुऱ्यावरून आलेलाच नसतो. तो पहिल्या दिवसापासून पाण्यात असतो.

आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर आहे, समुद्र नाही. तरी थोडा वेळ समुद्राकडे जाऊ या. तिथे पाकट नावाचा मासा असतो. अंगाने ताटासारखा चपटा, तोंड पोटाच्या बाजूला आणि शेपटीवर विषारी काटा. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. काचेच्या टाक्यांमधले मासे पाहायला तिथे लोक जात. टाकीत पाकट ठेवायचा, तर सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पाकट तळाच्या वाळूत राहतो, म्हणून सोबती वरच्या किंवा मधल्या पाण्यात फिरणारा हवा. पाकट खेकडे, झिंगे, शिंपले खातो, म्हणून ते त्याच्या शेजारी टिकत नाहीत. आणि कुरतडण्याची खोड असलेला मासा सोबत ठेवला, तर तो पाकटाचे डोळे आणि शेपटी सोडत नाही.

म्हणजे प्रश्न तीन. हा मासा पाण्यात कुठे राहतो? काय खातो? आणि कोणाला त्रास देतो? समुद्राच्या टाकीला जे लागू, तेच आपल्या वावरातल्या तळ्यालाही लागू.

आता आपले मासे घेऊ. कटला वरच्या थरात राहतो. त्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. पाण्यावर तरंगणारे अगदी बारीक जीव तो खातो. रोहू मधल्या थरात फिरतो आणि मुख्यतः बारीक वनस्पती, शेवाळ खातो. मृगळ तळाशी राहतो, त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. तळाचा कुजलेला काडीकचरा हे त्याचं अन्न. एका घरात तिघी जावा, तिघींच्या चुली वेगळ्या, मग भांडण कशाचं? म्हणून हे तिघे एकत्र वाढवतात. नुसता कटला सोडला तर वरचं अन्न संपतं आणि मधलं, खालचं वाया जातं. तिघे सोडले की सगळं पाणी कामी येतं.

प्रमाणही लक्षात ठेवायला सोपं आहे: दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ. गुंठाभर पाण्याला सुमारे ५० बोटुकल्या धराव्या. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद शेततळं म्हणजे जवळपास ९ गुंठे. त्यात ४५० बोटुकल्या: १८० कटला, १३५ रोहू, १३५ मृगळ. मोजताना खड्ड्याचं माप धरू नका, पाणी किती जागेत पसरतं ते धरा.

आणखी एक सोय अशी, की हे तिघेही साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज नदीतूनच धरावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली आणि केंद्रात बीज तयार करायची वाट खुली झाली. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन आहे. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की तळ्यात जेवढे सोडाल तेवढेच राहतील. संख्या आपल्या हातात राहते.

काही पाहुणे विचार करून बोलवावे. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प लवकर वाढतो, पण तोही वरच्याच थरात चरतो. तो घेतला तर कटला तेवढा कमी करायचा. गवत्या म्हणजे ग्रास कार्प पाणवनस्पती खातो. तळ्यात तण असेल तर थोडे सोडा, नसेल तर त्याला चारा कापून घालावा लागेल. सायप्रिनस तळ उकरतो, धुऱ्याची माती ढिली करतो आणि तळ्यातच अंडी घालतो. मातीचा धुरा कच्चा असेल तर त्याला दूरच ठेवा.

आता ज्यांना बोलवायचंच नाही ते. मरळ, शिवडा, मागूर, शिंगटा हे मासे खाणारे मासे आहेत. बाजारात मरळीला भाव चांगला, म्हणून "चार मरळी सोडू" असं कोणी सुचवेल. त्या चार मरळी तुमच्या बोटुकल्यांवरच पोसतील. मरळ पाळायची तर तिचं तळं वेगळं हवं. चिलापी कोणाला खात नाही, पण तिची पिल्लं तोंडात सांभाळायची रीत आहे, त्यामुळे ती भराभर वाढते. मग सगळ्या तळ्यात तळहाताएवढे मासे आणि मोठा एकही नाही. थाई मांगूर तर आपल्या देशात पाळायला बंदी आहे. तो पुरात नाल्यात गेला की नदीतल्या माशांनाही सोडत नाही. कोणी स्वस्तात बीज देत असलं तरी घेऊ नका.

हे मासे न सोडताही येतात. नाल्याच्या पाण्याबरोबर त्यांची पिल्लं शिरतात. मरळ वरची हवा घेऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात थोड्याशा चिखलातही जगते. तेव्हा बीज सोडण्याआधी तळं पूर्ण सुकवणं सगळ्यात चांगलं. सुकत नसेल तर पाणी अगदी कमी असताना मोहाची ढेप टाकतात. गुंठाभर पाणी मीटरभर खोल असेल तर सुमारे २५ किलो ढेप लागते. त्याने आतले सगळे मासे मरतात, नंतर तीच ढेप तळ्याला खत होते. त्यानंतर तीन आठवडे बीज सोडायचं नाही आणि ते पाणी नाल्यात जाऊ द्यायचं नाही. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

पण एक सांगणं आहे. ही ढेप फक्त स्वतःच्या शेततळ्यात. गावतलावात मुळीच नाही. तिथले बारके गावठी मासे कितीतरी घरांचं कालवण असतात. शिवाय तलावावर बहुतेकदा ढिवर-भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेचा ठेका असतो. तिथे त्यांना विचारल्याशिवाय काही करू नये.

बीज घेताना जिरे नको, बोटाएवढी बोटुकली घ्या. आपल्याकडची बरीच शेततळी उन्हाळ्याआधी आटतात, त्यामुळे आधीच मोठी असलेली बोटुकली बरी. थोडं बीज पांढऱ्या टोपल्यात किंवा परातीत घ्या आणि तांदूळ निवडतो तसं निवडा. तोंड वर तो कटला, झालरीसारखे ओठ तो रोहू, लांबट आणि तोंड खाली तो मृगळ. ओळखीचा नसलेला एकही मासा आत जाऊ देऊ नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यातच तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पाणी आत घेऊन मासे सोडा. हे काम सकाळी किंवा सायंकाळी करा.

सोबती चांगले मिळाले तरी गर्दी झाली की कोणीच सुखी राहत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर पाण्यात हवा कमी पडली असं समजा. शेण आणि खाणं थांबवा, ताजं पाणी सोडा. आणि पऱ्हाटीवर फवारणी केलेला पंप तळ्यात धुऊ नका. फवारलेल्या वावरातलं पावसाचं पाणी तळ्यात येणार नाही असा चर आधीच काढून ठेवा. कीटकनाशकाचा थोडा अंशही माशांना पुरतो.

शेवटी गटासाठी एक काम. बीज सोडाल त्या दिवशी रजिस्टरमध्ये तारीख, जात आणि मोजलेली संख्या लिहा आणि दोघी-तिघींच्या सह्या घ्या. दर महिन्याला जाळं टाकून चार मासे पाहा, तेही लिहा. संख्या कमी वाटली तर आधी पाण्यात मरळ शोधा, मग माणसांबद्दल बोला. शंका आली तर सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय आहे. एकटी जाऊ नका, दोघी जा. एकीने विचारायचं, दुसरीने लिहून घ्यायचं.