ताप एकाचा, डाग दुसऱ्याचा

रायपुरात नवतपा लागला की घरोघरी जो बंदोबस्त सुरू होतो तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे: खिशात कांदा, डोक्याला गमछा, माठाशेजारी कैरीचे पन्हे, आणि भर दुपारी ओस पडलेले रस्ते. सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो त्या २५ मेपासूनचे हे नऊ दिवस पंचांगाने नेमून दिलेले आहेत; परंतु आपले शहर साधारण २१.२५ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे याच नवतप्यात, २७ मेच्या सुमारास, सूर्य अगदी आपल्या माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली लुप्त होते. त्यातून रायपूर हे ८२.५ अंश रेखांशाच्या, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या, इतके निकट की, जेथे मुंबईकराला घड्याळात बारा वाजल्यावरही खऱ्या मध्यान्हासाठी अर्ध्या तासाहून अधिक थांबावे लागते, तेथे आपल्याकडे मेअखेरीस घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत जेमतेम मिनिटाचे अंतर उरते.

हे सारे स्मरण्याचे निमित्त म्हणजे तात्यापाऱ्यातील एका भगिनीचा प्रश्न. ‘आम्ही जात्याच सावळी माणसे, शिवाय तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याखेरीज स्कूटरला हात लावीत नाही. मग सनस्क्रीन न लावल्याने असे काय बिघडते?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जाहिरातीतल्या उत्तराइतके सरळ नाही.

आपला सगळा बंदोबस्त उष्म्याविरुद्ध आहे. उष्मा हा दवंडी पिटून येणारा वसुलीदार. तो आल्याची वर्दी घाम देतो, घसा देतो, आणि तापलेल्या जमिनीमुळे हवेचा पारा चढता चढता त्याचा अंमल दुपारी तीनच्या सुमारास शिगेला पोहोचतो. त्वचेला भाजणारा अतिनील किरणांचा अंमल मात्र ऐन मध्यान्हीच शिखरावर असतो, आणि तो येतो बिनबोभाट. त्याची पावती संध्याकाळी लालीच्या रूपाने हाती पडते, काही वेळा तर वीस वर्षांनी.

ताप आणि दाह या दोन पृथक् गोष्टी आहेत हे दाखविणारा एक प्रयोग मला फार प्रिय आहे. एव्हरर्ड होम नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने दोनशे वर्षांपूर्वी आपले दोन्ही हात भर उन्हात धरले. एक उघडा, दुसरा काळ्या कापडाने झाकलेला, आणि दोहोंवर तापमापक. काळ्या कापडाखालचा पारा अर्थातच अधिक चढला. पण भाजला तो उघडा हात, झाकलेल्या हाताला काहीही झाले नाही. १८२१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. (हा गृहस्थ तसा सरळ नव्हे. आपला मेहुणा, विख्यात शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर, याची हस्तलिखिते त्याने आगीत घातली, आणि त्यांतील मजकूर स्वतःच्या नावावर खपविल्याचा आरोप त्याच्यावर आजही आहे.) काळी छत्री तापते म्हणून ती नको, असे म्हणणाऱ्यांनी होमचा तो हात आठवावा.

ज्याने त्या उघड्या हाताला भाजले, ते किरण त्याच्या वीस वर्षे आधीच सापडलेले होते. १८०१ मध्ये येना येथे योहान विल्हेल्म रिटर या तरुणाने सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेला कागद वर्णपटात धरला, तेव्हा तो जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, सर्वांत वेगाने काळवंडला. आदल्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ हर्शलला तांबड्याच्या अलीकडे उष्ण किरण सापडले होते; निसर्गात सर्वत्र द्वंद्व असते, तेव्हा दुसऱ्या टोकालाही काही असलेच पाहिजे, असा रिटरचा तर्क. तर्क तत्त्वज्ञानाचा, निष्कर्ष मात्र बिनचूक! हर्शलचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेहतिसाव्या वर्षी दारिद्र्यात वारलेल्या रिटरची आठवण कोण काढतो?

आता सावळेपणाविषयी. मेलॅनिनचे कण त्वचेच्या पेशीत नुसते विखुरलेले नसतात. पेशीच्या केंद्रकाच्या वर, सूर्याच्या बाजूला, त्यांची टोपी तयार होते, जणू सिंहासनामागे उभ्या राहिलेल्या सेवकाने राजावर छत्र धरावे. हे छत्र आपल्याकडे दाट आहे, म्हणूनच गोऱ्या लोकांत जो त्वचेचा कर्करोग सर्रास आढळतो तो भारतात विरळा. ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ रहिवाशांवर जी प्रसिद्ध चाचणी झाली, तीत नित्य सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पण ती माणसे बहुतांशी गोरी होती, आणि तो आकडा जसाच्या तसा उचलून रायपूरच्या दुकानात टांगणे हा अप्रामाणिकपणा होय.

तथापि छत्र म्हणजे अभेद्य छप्पर नव्हे. वांग, अकाली सुरकुत्या, मोतीबिंदू या कटकटी सावळ्या माणसांनाही चुकत नाहीत. कोड असलेल्यांना किंवा ज्यांच्यात जन्मतःच रंगद्रव्य नाही त्यांना तर सनस्क्रीन हे औषधाइतके निकडीचे. वांगाचा मामला आणखी गुंतागुंतीचा, कारण तो दृश्य प्रकाशानेही चिघळतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी लोहाचे ऑक्साइड घातलेले, रंगीत सनस्क्रीन सुचवितात. लोहाचे ऑक्साइड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या ओट्याला लावायच्या गेरूचे सोवळे भावंड!

माझी तक्रार सनस्क्रीनशी नाही, ते विकण्याच्या रीतीशी आहे. डब्यावरचा ३० किंवा ५० हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप धरून काढलेला असतो. त्या हिशेबाने प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका खेपेस सुमारे ३४ ग्रॅम लागतील, म्हणजे पन्नास ग्रॅमची नळी दुसऱ्या खेपेलाही पुरणार नाही. आपण लावतो त्याच्या निम्म्याहूनही कमी, घामाने ते निघून जाते, दोन तासांनी पुन्हा लावण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. आणि जाहिरात सांगते ती भीती कर्करोगाची नव्हे, काळे पडण्याची. त्या भीतीवर या देशात फार मोठा व्यापार उभा आहे.

तेव्हा त्या भगिनीस उत्तर असे: दुपट्टा ठेवावाच, मात्र तो घट्ट विणीचा असावा, कारण विरळ सुती कापड घामाने भिजले की किरणांना वाट देते. उघडे राहणारे हात, कपाळ आणि डोळ्यांभोवतीची त्वचा यांना सढळ हाताने लेप लावावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसू लागली की शक्यतो घरात थांबावे.

सूर्य माथ्यावर वर्षातून दोनदा येतो, हे मात्र आपण विसरतो. दुसरी खेप जुलैच्या मध्यास, सतरा तारखेच्या आगेमागे. तेव्हा नवतपा नसतो, कांदा नसतो, हवा गार असते, आणि पातळ ढगातून उष्मा अडला तरी अतिनील किरण बऱ्यापैकी उतरत राहतात. त्याच सुमारास शहराबाहेरच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून बायका धानाचा रोपा लावीत असतात, मान आणि पाठ आभाळाकडे करून. डोक्यावर बांबूच्या कामट्यांची आणि पानांची खुमरी असली तर असली.