गवसणी की पेटी?

वाद्याच्या कापडी खोळीला मराठीत ‘गवसणी’ असा छान शब्द आहे. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या अनेक घरांत तंबोऱ्याची गवसणी असायची. आता त्याच घरांतल्या मुलांच्या खांद्यावर इलेक्ट्रिक गिटार दिसते, तीही मऊ बॅगेत, म्हणजे गवसणीतच! घर ते क्लास एवढ्या अंतराला ती पुरते. पण निपाणीला रेल्वे नाही. कार्यक्रमासाठी गिटार घेऊन भरलेल्या बसमधून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचं असेल, तर टणक पेटी, म्हणजे हार्ड केस हवी.

केस घेताना आपण आधी किंमत आणि रंग बघतो. मी म्हणेन, आधी गिटार कुठे मोडते ते बघा. लेस पॉल पद्धतीच्या गिटारचं डोकं मानेपासून सुमारे १७ अंश मागे झुकलेलं असतं. त्या वळणावर लाकडाचे रेषे तिरके कापले जातात, म्हणून ती जागा नाजूक. पेटी पाठीवर आपटली आणि डोकं तळाला टेकलेलं असेल, तर सगळा धक्का तिथेच बसतो. स्ट्रॅटोकास्टरचं डोकं मागे झुकलेलं नसतं. म्हणूनच स्ट्रॅटच्या उथळ केसमध्ये लेस पॉल ‘कशीबशी मावते’, हा सौदा महागात पडतो.

ऑनलाइन मागवण्याआधी टेपने चार मापं घ्या: एकूण लांबी, खालच्या भागाची सर्वांत जास्त रुंदी, कमरेची रुंदी आणि जाडी. लांबी मोजताना पट्ट्याची बटणंही धरा. ही मापं केसच्या आतल्या मापांशी ताडून बघा. बाहेरच्या मापांचा इथे उपयोग नाही.

केस हातात आली की तीन गोष्टी तपासा. झाकण दाबून बंद करावं लागतंय का? तसं असेल तर ती नको. बंद पेटी हलकेच हलवल्यावर आत ठक्क वाजतंय का? मग ती सैल आहे. शेवटी कागदाची पट्टी घ्या. डोक्याखालून ती सहज सरकली पाहिजे आणि मानेच्या आधाराखाली अडकली पाहिजे. मानेला आधार आणि डोकं अधांतरी, हे सूत्र लक्षात ठेवा.

बेळगावचा पाऊस विसरू नका. आतला फोम ओल धरून ठेवतो. घामाने भिजलेला पट्टा आत कोंबू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. उन्हाळ्यात बंद गाडीत केस सोडू नका. पेटी धक्का अडवते, उष्णता नाही.

जवळच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे प्रत्येक भोपळ्याचा घेर वेगळा, त्यामुळे ‘कुठलीही पेटी चालेल’ असं कुणी म्हणणार नाही. गिटार कारखान्यातून येते म्हणून आपण तसं म्हणतो, इतकंच. आईवडिलांनी हौसेने घेऊन दिलेली किंवा पहिल्या पगारातून आणलेली गिटार असेल, तर तिच्यासाठी दहा मिनिटं टेप हातात धरायला काय हरकत आहे?