कामातून शिकताना – लेखांक 6 : चित्रफीत नेमकी कुठे थांबवायची?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मागे पडतात आणि भिलाई येते. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला शिकवणाऱ्यांपुढे एक अडचण कायमचीच असते. ज्या भट्टीवर त्याला काम करायचं, तिचं पोट त्याला कधीच दिसणार नाही. गरम हवा आत सोडणाऱ्या नळाला एक छोटं झरोक्यासारखं छिद्र असतं. निळ्या काचेआडून त्यात डोकावलं तर जळत्या कोकचा पांढरा लखलखाट दिसतो, एवढंच. खनिजाचे थर कसे खाली सरकतात, कुठे मऊ पडतात, कुठे वितळतात, हे चित्र काढून सांगावं लागतं, आणि चित्र हलतं असलं तर ते लवकर डोक्यात शिरतं.

गेल्या लेखांकात आपण जुन्या कारागिराच्या हाताखाली शिकण्याबद्दल बोललो. या वेळी चित्रपट आणि दूरचित्रवाणी.

कामाचं शिक्षण आणि चित्रपट यांची गाठ चित्रपटाच्या बालपणीच पडली. 1912 च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ या मूळच्या गवंडीकाम करणाऱ्या माणसाने कारखान्यातल्या कामगारांचं चित्रीकरण सुरू केलं. चौकटीत एक वेगाने फिरणारं घड्याळ ठेवायचं आणि हाताच्या कुठल्या हालचालीला किती वेळ लागतो ते नंतर चित्र पुढे-मागे करत मोजायचं, अशी त्याची रीत होती. त्याच वर्षी इंग्लंडहून परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, वेल वर चढला. भांडवलदाराचा विश्वास त्या वेलाने मिळवला. पुढे फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो यावरही एक लघुपट केला. आपल्याकडचा कामाच्या जागेचा पहिला शिक्षणपट कुणी विचारला, तर मी त्याचंच नाव घेईन. डोळ्यांना न दिसणारा वेग दिसता करणं हे दोघांनीही केलं, आणि प्रशिक्षणात चित्रपटाचा सगळ्यात खरा उपयोग आजही तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जहाजबांधणी आणि यंत्रकाम शिकवायला 457 शिक्षणपट काढले. शेतातून आणि स्वयंपाकघरातून थेट कारखान्यात आलेल्या लाखो माणसांना तयार करायचं होतं, वेळ नव्हता. त्यावर इथे अधिक लिहीत नाही, कारण भिलाईच्या दुर्ग जिल्ह्यातच याहून आपली वाटावी अशी एक गोष्ट घडली आहे.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात भारताने नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वापरून सुमारे 2,400 खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोचवली. या प्रयोगाचं नाव ‘साइट’. सहा राज्यं निवडली होती, आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे. इस्रोच्या बाजूने या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस होते. गावातल्या शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्रीएवढी नव्हे, चांगली दहा फुटी तबकडी उभी राहिली आणि संध्याकाळी तिच्याभोवती सगळं गाव जमू लागलं.

शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम लोकांच्या लक्षात राहिले. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम मात्र शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दोन सत्रांत मिळून जवळजवळ पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं शिक्षण दिलं गेलं, तेही त्यांना गावाबाहेर न नेता. बारा-बारा दिवसांची ही सत्रं आखणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. नुसता पडदा पुरणार नाही. म्हणून टीव्हीवरच्या पाठाला रेडिओची जोड होती, छापील पुस्तिका होत्या, हाताने करायचे प्रयोग होते आणि पाठ संपला की चर्चा होती. पडद्यावर जे पाहिलं ते शिक्षकाने त्याच दिवशी जवळच्या साध्या साहित्यातून स्वतः करून बघायचं. आज एखादी कंपनी कर्मचाऱ्यांना चित्रफितीचा दुवा पाठवते, शेवटी पाच प्रश्नांवर टिचक्या मारायला लावते आणि ‘प्रशिक्षण पूर्ण’ अशी नोंद करते. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या आखणीपासून आपण पुढे आलो की मागे गेलो, असा प्रश्न मला पडतो.

एक उणीव तेव्हाही होती. सहा राज्यांसाठी भाषा चारच: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. दुर्गच्या खेड्यात घरी छत्तीसगढी बोलणाऱ्याला हिंदीतून शिकावं लागलं. भाषेच्या या मुद्द्याकडे शेवटी परत येतो.

याच काळात शेजारच्या गुजरातेत एक पूर्ण लांबीचा चित्रपट प्रशिक्षणाचं साधन म्हणून उभा राहत होता. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ 1976 चा. पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून दहा लाखांचं भांडवल उभं केलं. पटकथा विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा, आणि पडद्यावर स्मिता पाटील, मोहन आगाशे. चित्रपटगृहांतून तो चालला हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतरची गोष्ट आमच्या विषयाची. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याच्या छोट्या आकाराच्या प्रती काढून गावोगाव पाठवल्या. प्रतीबरोबर एक पथक जाई: जनावरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार. चित्रपट संपला की गावकरी विचारत, हे आमच्याकडे होईल का? उत्तर द्यायला माणसं तिथेच बसलेली असत. कितीतरी गावांत दूध संस्थेची पहिली बैठक अशी भरली.

व्यवस्थापनाच्या वर्गात ‘मंथन’ दाखवायचा असेल तर दूध संस्था उभी करायला पथक घेऊन आलेले डॉ. राव बदली होऊन गाव सोडतात तिथे मी तो थांबवीन. राव प्रामाणिक आहेत, हुशार आहेत. दलितांनीही दुधाच्या रांगेत बरोबरीने उभं राहावं यासाठी ते सरपंचाचा रोष ओढवून घेतात. त्यांचा सहकारी देशमुख मात्र सांगत असतो की आपलं काम दुधाचं, गावच्या राजकारणात पडू नये. दोघांत बरोबर कोण? चांदावरकर हा पथकातला तरुण गावातल्या मुलीशी वागतो त्याने सगळ्या पथकाची पत जाते. मग प्रमुखाने त्याच्या बाबतीत आधी काय करायला हवं होतं? आणि राव गेल्यावर गावातला भोला मूठभर लोकांना घेऊन संस्था पुढे नेतो, ते रावांचं यश म्हणायचं की त्यांच्या पद्धतीतली कमतरता? या प्रश्नांना तेंडुलकरांनी तयार उत्तरं ठेवलेली नाहीत. म्हणूनच हा चित्रपट वर्गात टिकतो.

आणि म्हणूनच प्रशिक्षणात सर्रास दाखवले जाणारे काही प्रसंग मला पसंत नाहीत. ‘चक दे! इंडिया’तलं अंतिम सामन्याआधीचं प्रशिक्षकाचं भाषण किती कार्यशाळांत वाजतं! टाळ्या पडतात, अंगावर काटा येतो आणि जेवणाची सुट्टी होते. शिकायला त्यात काय मिळालं? त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला मुली एकेक करून आपलं नाव आणि आपल्या राज्याचं नाव सांगतात आणि प्रशिक्षक त्यांना बाजूला काढत जातो, तो प्रसंग कितीतरी कामाचा. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या माणसांनी वसलेल्या भिलाईसारख्या गावात तर त्यावर तासभर बोलणं होईल. अशी ओळख पुसायला लावणं योग्य होतं का, हाही प्रश्न कुणीतरी विचारील, आणि त्याने तो विचारावाच.

मध्येच अडवून प्रश्न विचारण्याचं हे तंत्र भिलाईच्या छत्तीसगढला बाहेरून शिकण्याची गरज नाही. पंडवानी या इथल्या कथागायनात गायकाच्या शेजारी ‘रागी’ बसलेला असतो. तो हुंकार भरतो, मध्येच अडवतो, ‘मग काय झालं?’ म्हणून विचारतो, आणि त्याच्या विचारण्यामुळे कथेतला अवघड पेच श्रोत्यांपुढे उलगडतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई या पंडवानीच्या थोर गायिका पोलाद कारखान्यातच नोकरीला होत्या. प्रशिक्षकाने वर्गात चित्रफितीच्या शेजारी रागी होऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

अडवायचं कुठे, याचा उत्तम नमुना म्हणजे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. आधी 1954 साली दूरचित्रवाणी नाटक, मग 1957 साली सिडनी ल्युमेटचा चित्रपट, आणि 1986 साली बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’. बारा पंचांनी एका मुलाच्या जिवाचा निर्णय एकमताने करायचा आहे. ल्युमेटच्या चित्रपटात पहिलं मतदान हात वर करून होतं. आरोपी दोषी वाटतो त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर काही हात झटक्यात वर जातात. मग जरा थांबून, आजूबाजूला बघून आणखी काही. शेवटचे तर कसेबसे उचलले जातात. अकरा भरतात आणि एक खालीच राहतो. वर्गातले बहुतेक जण त्या एकट्याकडे, हेन्री फोंडाकडे बघत असतात. चित्रफीत मागे घ्यायची आणि सांगायचं: आता त्याच्याकडे नको, उशिरा वर गेलेले हात बघा. त्यांना खात्री होती का? नव्हती तर मग हात वर का गेला? पुढे गुप्त मतदान होताच त्यांतलाच एक वृद्ध बाजू बदलतो. माणूस तोच आणि पुरावाही जवळपास तोच, बदलली ती विचारण्याची पद्धत. इथे वर्गात शांतता पसरते, कारण गेल्याच महिन्याच्या बैठकीत वरिष्ठांपुढे आपलाही हात असाच वर गेला होता हे प्रत्येकाला आठवतं. फोंडाचं कौतुक करून वर्ग संपवला तर ही आठवण जागीच होत नाही.

हसवून शिकवण्याची परंपराही मोठी आहे. 1972 मध्ये अँटनी जे, जॉन क्लीझ आणि त्यांच्या मित्रांनी लंडनमध्ये व्हिडिओ आर्ट्स ही संस्था काढली. तिच्या ‘मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज’मध्ये एका व्यवस्थापकाला स्वप्न पडतं की बैठका वाईट चालवल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला आहे. अँटनी जे हे पुढे ‘येस मिनिस्टर’चे सहलेखक झाले. विनोदाने माणूस बचाव सोडून ऐकतो, हे त्यांनी हेरलं होतं.

पोलाद कारखान्यात मात्र प्रशिक्षणाचा शेवटचा हिशेब जिवाचा असतो. ब्लास्ट फर्नेसमधून निघणाऱ्या वायूत साधारण पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. 12 जून 2014 रोजी भिलाईत पंपहाऊस क्रमांक 2 मध्ये वायुगळती होऊन सहा जणांचा जीव गेला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते, म्हणजे अनुभव आणि हुद्दा दोन्ही असलेली माणसं. न दिसणारं संकट पडद्यावर कसं दाखवायचं? पिवळा धूर रंगवून दाखवला तर शिकणारा पुढे आयुष्यभर धुराची वाट बघत बसेल. माझं मत असं की वायू दाखवूच नये. खिशाला लावलेल्या मापकावरचा चढता आकडा दाखवावा, त्याचा कर्कश आवाज ऐकवावा, कोसळलेला सोबती दाखवावा आणि तिथे चित्रफीत थांबवून विचारावं, आता पहिलं काय कराल? धावत जाऊन त्याला उचलीन, हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी येतं. श्वसनयंत्राशिवाय धावत जाणारा बचावकर्ता दुसरा बळी ठरतो, हे त्या क्षणी सांगितलेलं विसरलं जात नाही.

या बाबतीत अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चित्रफिती अभ्यासण्याजोग्या आहेत. 23 मार्च 2005 रोजी टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 जण गेले, त्यावरही त्यांनी चित्रफीत केली. मनोऱ्यात द्रव वर वर चढत होता आणि त्याच वेळी नियंत्रण कक्षातल्या मापकावर पातळी उतरताना दिसत होती. दोन्ही चित्रं पाहिल्यावर वर्गाला त्या खुर्चीत बसवून विचारता येतं: तुम्हाला फक्त मापक दिसतो आहे, तर शंका यावी असं दुसरं काय आहे? आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा हिशेब कुणीतरी मांडेपर्यंत चित्रफीत पुढे सरकू द्यायची नाही.

आता भाषा. मोठ्या कारखान्यांत धोक्याची बरीच कामं कंत्राटी कामगार करतात, आणि भिलाईच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या अशा माणसाच्या घरची बोली छत्तीसगढी असते. इंग्रजी निवेदन आणि खाली हिंदी अक्षरं अशी चित्रफीत त्याच्यापुढे लावणं म्हणजे त्याला न शिकवणं. त्याच्याच पाळीतल्या, त्याच्यासारखं बोलणाऱ्या माणसाला मोबाइलपुढे उभं करून केलेली चार मिनिटांची साधी चित्रफीत मला अधिक मोलाची वाटते. ती पाळी सुरू होण्याआधी, गॅसच्या लाइनीजवळ जाण्यापूर्वी दाखवावी आणि लगेच प्रत्येकाला श्वसनयंत्र स्वतः चढवायला लावावं. मुखवट्याची कड गालाला नीट बसली की नाही, हे पडद्यावर कळत नाही, हात लावूनच बघावं लागतं.

एक व्यवहाराची सूचना. वर्गात चित्रपट दाखवण्याची सवलत आपला कॉपीराइट कायदा शैक्षणिक संस्थांना देतो. कंपनीच्या कार्यशाळेला ती आपोआप लागू होत नाही. ‘मंथन’ असो की ‘एक रुका हुआ फैसला’, प्रसंग निवडण्याआधी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. पुढच्या आठवड्यात क्रेनचालकांसाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरकडे वळू.