शास्त्रीय मतभेद आणि न्यायालयीन निवाडा

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूर येथे समुद्रात सोडले जाते. या वसाहतीच्या प्रदूषणामुळे खाडी व समुद्र दूषित होतात, अशी तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडली. न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समितीचा अहवाल मागविला, त्यावरील आक्षेप ऐकले आणि २०२२ साली भरपाईचा आदेश दिला. प्रश्न मच्छीमारांच्या उपजीविकेचा असल्याने न्यायसंस्थेने त्यात लक्ष घालणे उचितच होते. तथापि अशा दाव्यांच्या पोटी जो शास्त्रीय मतभेद असतो, त्याची उकल निराळ्या रीतीने करावी लागते.

उदाहरणार्थ, सांडपाण्याची ‘रासायनिक ऑक्सिजन मागणी’ घेऊ. नमुना तीव्र आम्लात पोटॅशियम डायक्रोमेटसह दोन तास तापवितात व किती डायक्रोमेट खर्ची पडले यावरून ती ठरवितात. परंतु खाऱ्या पाण्यातील क्लोराइडही डायक्रोमेट खर्च करते. मर्क्युरिक सल्फेट घालून त्याला आवर घातला नाही, तर आकडा फुगतो. उलटपक्षी, नमुना केवळ दिवसा घेतला, तर रात्री सोडलेले पाणी हिशेबाबाहेर राहते. यास्तव दोन प्रामाणिक प्रयोगशाळांचे आकडेही परस्परविरोधी येऊ शकतात.

हा विरोध वकिलाच्या उलटतपासणीने मिटत नाही. त्याच विषयातील तटस्थ तज्ज्ञांनी नमुन्याची जागा, वेळ, क्लोराइडचे प्रमाण व मूळ नोंदी तपासाव्यात, लेखी हरकती घ्याव्यात आणि शंका उरल्यास मोजणी पुन्हा करवावी, हाच त्यावरील मार्ग होय. सर्वोच्च न्यायालयानेही हैदराबादच्या जलाशयांसंबंधीच्या १९९९ सालच्या निकालात शास्त्रीय पुरावा पारखण्यातील न्यायालयांची अडचण मान्य केली होती. २०१० साली स्थापन झालेल्या हरित न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यांच्या जोडीला तज्ज्ञ सदस्य असतात, ते याच विचाराने.

तज्ज्ञपरीक्षणालाही मर्यादा आहेत. ते सावकाश चालते. परीक्षक सहसा स्वतः प्रयोग करीत नाही. आणि नुकसान झालेल्याला भरपाई देण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार न्यायालयाचा. मात्र निकालाने दावा संपतो, शास्त्रीय प्रश्न संपतोच असे नाही. म्हणून आकड्याची पारख आधी तज्ज्ञांनी उघडपणे करावी आणि त्या पायावर हक्कांचा निवाडा न्यायालयाने द्यावा, हेच मच्छीमार व कारखानदार या दोघांच्याही हिताचे आहे.