कॉम्प्युटर बंद पडला, आधी पाहायचे काय?

जुलैची अखेर होती. अमळनेर तालुक्यातल्या एका गावी सेवा केंद्रासमोर पीकविमा भरणाऱ्यांची रांग लागली होती. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात बँकेचे पासबुक. एक आजीबाई तर सकाळी सातपासून ओट्यावर बसलेल्या. रात्रभर गावात वीज नव्हती. सकाळी ती आली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण विम्याचे पान काही उघडेना. केंद्रचालकाने हात वर केले. "सर्व्हर बंद आहे, उद्या या." निम्मी रांग उठली. कपाशीची निंदणी सोडून आलेली माणसे ती.

रांगेत वडिलांबरोबर आलेली एक मुलगी होती. धुळ्याला आयटीआयत शिकणारी. ती म्हणाली, "दादा, घड्याळ बघा बरं." पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती सात वर्षांपूर्वीची! तारीख दुरुस्त केली, पान उघडले आणि दिवे लागायच्या आत सगळ्यांचे अर्ज भरून झाले.

यातले इंगित अगदी साधे आहे. कॉम्प्युटरच्या पोटात मदरबोर्ड नावाची मुख्य पाटी असते. तिच्यावर रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल बसवलेला असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की तारीख मागे जाते. सरकारी किंवा बँकेचे पान उघडताना समोरून एक ओळखीचा दाखला येतो आणि त्यावर मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी साल जुने, म्हणजे दाखल्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. म्हणून तो पान नाकारतो. नवा सेल चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो.

आपल्या घरची बरीच मुलेमुली दहावीनंतर 'कॉम्प्युटरचे काहीतरी' करायचे म्हणतात. त्यांना आयटीआयमधले दोन कोर्स वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक वर्षाचा 'कोपा' हा मुख्यतः कॉम्प्युटर चालवण्याचा. 'इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स' हे लांबलचक नाव असलेला कोर्स दोन वर्षांचा आणि तो यंत्राच्या देखभाल-दुरुस्तीचा. दुरुस्तीत पडायचे असेल तर दुसरा बरा. मात्र रीत कळली नाही, तर कोर्स करूनही उपयोग नाही.

ती रीत आपल्या लोकांना नवी नाही. विहिरीवरची मोटर बंद पडली तर शहाणा माणूस आधी ती वर काढत नाही. लाईट आहे का, तिन्ही फेज आहेत का, फ्यूज, स्टार्टर, केबल, असे बाहेरून आत जातो. कॉम्प्युटरचेही तसेच. भिंतीवरच्या बटणात वीज आहे का? यूपीएस चालू आहे का? पडद्याचा दिवा लागतो का, त्याची वायर घट्ट आहे का? आणि सर्वांआधी मालकाला विचारावे, "शेवटचा केव्हा चालला, आणि त्यानंतर काय हलवले?" झाडताना निसटलेल्या वायरीपायी 'मदरबोर्ड गेला' असे सांगितल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

बाहेर सगळे ठीक, आत पंखा फिरतो, पण पडदा काळाच. किंवा सुरू होताना पीं-पीं आवाज येतो. अशा वेळी पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिची टोके मळलेली असतात. पिन काढावी, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची पिवळी टोके शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसावीत आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवावी. पण वीज आत घेणारा एसएमपीएसचा डबा मात्र नवख्याने कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

आपल्या खानदेशात कॉम्प्युटरचे वैरी दोन. पहिला ऊन आणि फुफाटा. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. त्यात जवळ जिनिंग असेल तर कापसाचे तंतू पंख्यात आणि कूलरच्या पत्र्यांत गादीसारखे बसतात. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, जसा ओव्हरलोडवर स्टार्टर ट्रिप होतो. दहा-पंधरा मिनिटे चालून बंद, गार झाल्यावर पुन्हा चालू, असे होत असेल तर आधी धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावा. आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका. त्याची हवा कोंडते.

दुसरा वैरी वीज. शेजारच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दाब खाली बसतो. यूपीएस हवाच, पण लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये, त्याचा ओढा फार. अर्थिंग मल्टिमीटरने तपासावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचे विसरू नका.

हार्डडिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर मात्र खटपट थांबवावी. चालू आहे तोवर आतले कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत. काही मेकॅनिक प्रत्येक दुखण्यावर 'फॉरमॅट' हेच औषध देतात. आमच्या मते ते आळशी वैद्यकीच म्हणायची. सेवा केंद्राच्या डिस्कमध्ये गावाचे आधार, पासबुके, सह्या असतात. ते पुसण्याचा किंवा चाळण्याचा हक्क दुरुस्त करणाऱ्याला नाही. आणि भाग बदलला तर जुना भाग मालकाने मागून घ्यावा.

त्या मुलीच्या पिशवीत आता एक स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा कोरा ब्रश, खोडरबर, मल्टिमीटर, दोन सेल आणि खात्रीची एक रॅम असते. आपल्या घरातल्या कुणाला या वाटेने जायचे असेल, तर जवळच्या आयटीआयत हा कोर्स आहे का ते चौकशी करून ठेवा. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरावे लागतात. म्हणजे पुन्हा सेवा केंद्रातच जायचे. रांगेत बसलात तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी पाहून घ्या.